परक्या पिलांची आई

महाड शहर मागें टाकून रायगडाची वाट धरली, म्हणजे थोड्याच वेळांत नाते नांवाचें गांव लागतें. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचें हें जन्मगांव. १८९६ सालीं त्यांचा जन्म येथें झाला. गडावर निघालेल्या बहुतेकांना मात्र हें गांव केवळ वाटेवरचें म्हणूनच ठाऊक असतें. येथून पुढें डोंगर जवळ येऊं लागतात, रायगडाचे कडे केव्हां दिसतील याची उत्कंठा वाढते, आणि त्या घाईंत गांवाच्या नांवाचा अर्थ काय, इकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु ज्या गडाकडे ही वाट जाते, त्या गडावरच्या दोन खुणा नात्याविषयींच कांहीं सांगत असतात.

पहिली खूण हिरकणी बुरुजाची. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. गडाच्या पायथ्याशीं राहणारी एक गवळण दूध घालावयास वर गेली. परततांना उशीर झाला, गडाचे दरवाजे मिटले, आणि घरीं तिचें तान्हें मूल भुकेलें होतें. पहारेकऱ्यांनीं दार उघडलें नाहीं, तेव्हां ती काळोखांत कडा उतरून घरीं गेली. महाराजांना हें कळलें, त्यांनीं तिचा गौरव केला आणि ज्या बाजूनें ती उतरली तेथें बुरूज बांधून घेतला, असें लोक सांगतात. इतिहासाच्या कसोटीला ही कथा उतरो वा न उतरो. पान्हा दाटलेली आई काय करूं शकते, याविषयींची लोकांची श्रद्धा तींत साठविलेली आहे.

दुसरी खूण वाघ्या कुत्र्याच्या स्मारकाची. धन्याच्या चितेंत उडी घेणाऱ्या कुत्र्याच्या या दंतकथेला समकालीन पुरावा नाहीं, आणि १९३६ सालीं उभारलेल्या त्याच्या पुतळ्यावरून पुढें बराच वादही झाला. त्या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. येथें पाहावयाचें तें इतकेंच, कीं लोकमानसानें आईच्या वांट्याला वात्सल्य दिलें आणि कुत्र्याच्या वांट्याला इमान. कुत्र्याच्या ठिकाणीं वात्सल्य असावें, आणि तें स्वतःच्या पोटच्या पिलांपुरतें न राहतां परक्या, निराळ्या जातीच्या, पोरक्या पिलांपर्यंत पोंचावें, ही कल्पना कोणी बुरुजावर कोरून ठेविलेली नाहीं. तरी अशीं उदाहरणें आहेत. त्यांपैकीं एक इंग्लंडांतील, आणि तें चांगलें नोंदलेलें आहे.

२००३ सालीं इंग्लंडच्या वॉरिकशर परगण्यांत पोलिसांना एका बागेंतल्या लांकडी खोपटांत कोंडलेली एक कुत्री सांपडली. ती ग्रेहाउंड जातीची होती. अंगावर मळाचीं पुटें, बरगड्या मोजून घ्याव्या अशी कृश, आणि माणसाची चाहूल लागतांच कोपऱ्यांत दबून कण्हणारी. धन्यानें तिला कोंडून तसेंच टाकून दिलें होतें. पोलिसांनीं तिला ननीटन गांवाजवळच्या एका वन्यप्राण्यांच्या आसऱ्यांत नेलें. जखमी व पोरक्या प्राण्यांची शुश्रूषा करणारा हा आसरा जेफ् ग्रूकॉक नांवाचे गृहस्थ चालवीत. त्यांनीं तिला जास्मिन हें नांव दिलें. तिची प्रकृति सुधारणें आणि तिचा माणसावरचा विश्वास परत मिळविणें, हीं दोन कामें त्यांच्यापुढें होतीं. दोन्हींना कांहीं आठवडे लागले. पुढें तिच्यासाठीं एखादें चांगलें घर पाहावें असा विचार होता. परंतु जास्मिननें आपलें घर आणि आपलें काम स्वतःच निवडलें.

त्या आसऱ्यांत कोणी ना कोणी पोरकें पिलूं रोज येई. एके दिवशीं रेल्वेच्या रुळांजवळ टाकून दिलेलीं कुत्र्याचीं दोन इवलीं पिलें आलीं. जास्मिन पुढें झाली, तिनें त्यांतील एकाला मानेच्या कातड्याला अलगद धरून उचललें आणि नेऊन कोचावर ठेविलें; मग दुसरें आणलें, आणि दोघांना कुशींत घेऊन पडून राहिली. कुत्रीनें कुत्र्याचीं पिलें जवळ केलीं यांत फारसें नवल नाहीं, असें कोणी म्हणेल. परंतु पुढें कोल्ह्याचीं पिलें आलीं, बिळांत राहणाऱ्या बॅजर या प्राण्याचीं आलीं, ससे आले, कोंबडीचीं पिलेंही आलीं. आणि प्रत्येक नवागताच्या वेळीं तिनें हेंच केलें. पिंजऱ्याशीं जाऊन हुंगावयाचें, चाटावयाचें आणि त्याच्या जवळ बसून राहावयाचें. पक्ष्यांना ती आपल्या नाकाच्या शेंड्यावर बसूं देई. वृत्तपत्रांनीं तिच्या लेंकरांची यादीच छापली होती: पांच कोल्ह्याचीं पिलें, चार बॅजरचीं, पंधरा कोंबडीचीं, आठ गिनीपिग, दोन कुत्र्याचीं पिलें, पंधरा ससे, आणि शेवटीं रो जातीच्या हरिणाचें एक पाडस. एकूण पन्नास. हें पाडस अकरा आठवड्यांचें असतांना एका शेतांत अर्धवट बेशुद्ध सांपडलें. जास्मिननें त्याला बिलगून ऊब दिली, त्याचे केंस चाटून साफ केले. पुढें तें आसऱ्याच्या आवारांत तिच्या पायांपायांत चालूं लागलें, आणि दोघेंही एकमेकांवांचून दिसेनाशीं झालीं.

या यादींतील पंधरा सशांपाशीं क्षणभर थांबण्यासारखें आहे. ग्रेहाउंड ही जात मुळांत कशासाठीं जोपासली गेली? ससा नजरेनें हेरावयाचा, वाऱ्याच्या वेगानें गांठावयाचा आणि पकडावयाचा, यासाठीं. आपल्याकडील कारवानी कुत्राही त्याच धाटणीचा, लांब पायांचा आणि निमुळत्या तोंडाचा. शेंकडों पिढ्या निवडून निवडून जी शिकारीची ओढ त्या जातीच्या रक्तांत भिनविली गेली, ती घेऊन जन्मलेली ही कुत्री सशाच्या पिलाला चाटीत बसली. तिच्या ठिकाणीं ती ओढ नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. तिच्याहून जुनी आणि तिच्याहून बळकट अशी दुसरी ओढ जागी झाली, इतकेंच म्हणतां येईल. सस्तन प्राण्यांत पिलांचें संगोपन हें शिकारीच्या कोणत्याही विशिष्ट कौशल्याहून पुरातन आहे.

येथें एक प्रश्न सहज उभा राहतो. जास्मिननें या पिलांना दिलें तरी काय? तिला पान्हा फुटला होता असा उल्लेख नाहीं. दूध माणसांनीं बाटलीनें पाजलें. मग तिच्यावांचून काय अडलें असतें?

या प्रश्नाचें उत्तर एका गाजलेल्या प्रयोगांत सांपडतें. अमेरिकेंत विस्कॉन्सिन विद्यापीठांत हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञानें माकडांच्या पिलांना जन्मतःच आईपासून वेगळें करून त्यांच्यापुढें दोन कृत्रिम 'आया' ठेविल्या. एक नुसत्या तारांची, परंतु तिच्याजवळ दुधाची बाटली. दुसरी मऊ कापडानें मढविलेली, परंतु तिच्याजवळ दूध नाहीं. पिलें भूक लागली म्हणजे तारांच्या आईकडे जात, दूध पीत आणि लगेच परत येऊन कापडाच्या आईला बिलगून बसत. भय वाटलें तरी तीं तिच्याकडेच धांवत. १९५८ सालीं हार्लोनें हे निष्कर्ष जाहीर केले. दूध देते म्हणून पिलाला आई हवी असते, ही तोंपर्यंतची समजूत त्यामुळें ढांसळली. प्रयोग निष्ठुर होता आणि पुढें त्याच्यावर कठोर टीकाही झाली. परंतु त्यानें जें दाखविलें तें पुसलें गेलें नाहीं. पिलाला पोषण लागतें, तसा बिलगावयास कोणीतरी सजीव, उबदार देहही लागतो.

शरीरशास्त्राच्या दृष्टीनेंही ही ऊब चैनीची वस्तु नाहीं. कुत्र्याचीं, मांजराचीं, कोल्ह्याचीं नवजात पिलें स्वतःच्या शरीराची उष्णता राखूं शकत नाहींत. आईच्या पोटाशीं किंवा भावंडांच्या गठ्ठ्यांत तीं असलीं तरच त्यांचा जीव टिकतो. इतकेंच नव्हे, तर पहिले कांहीं दिवस त्यांना मलमूत्रविसर्जनही आपलें आपण होत नाहीं. आईनें जिभेनें पोट व शेपटीखालचा भाग चाटला म्हणजेच तें घडतें. ज्यांनीं पोरकें पिलूं बाटलीनें वाढविण्याचा खटाटोप केला आहे, त्यांना ठाऊक असतें, कीं दूध पाजून झाल्यावर कोमट ओला बोळा घेऊन ही आईच्या जिभेची नक्कल करावी लागते; ती केली नाहीं तर पोट फुगून पिलूं दगावतें. कुत्रीची जीभ हें काम कोणी न शिकवितां करते.

वात्सल्याला पान्ह्याचीच नव्हे, तर मादीपणाचीही अट नाहीं, हें दुसऱ्या एका कुत्र्यानें दाखविलें. अमेरिकेंतील सिनसिनाटी शहराच्या प्राणिसंग्रहालयांत ब्लेकली नांवाचा एक ऑस्ट्रेलियन शेफर्ड जातीचा कुत्रा होता. तोही कोणीतरी नको म्हटल्यावर सोडवून आणलेला. त्याची नेमणूक पिलांच्या संगोपनगृहांत झाली. २०१६ सालीं तेथें चित्त्याच्या एका मादीवर शस्त्रक्रिया करून पांच पिलें दिवसांपूर्वींच बाहेर काढावीं लागलीं. पुढें ती मादी मरण पावली. पांचांपैकीं तीन पिलें वांचलीं. ब्लेकली त्यांच्यामध्यें पडून राही आणि तीं त्याच्या अंगावर चढत, उतरत, लोळत. त्या चढण्याउतरण्यानें त्यांच्या स्नायूंना आणि पोटालाही चलन मिळे. हिमालयांतील टाकिन या खुरी प्राण्याच्या, आईनें दूर लोटलेल्या एका पिलाचाही तो सोबती होता. २०१७ च्या फेब्रुवारींत मलायी वाघिणीनें जवळ न घेतलेले तीन बछडे त्याच्याकडे आले. वाघाच्या बछड्याला खेळतांना किती जोरानें चावावें याची मर्यादा शिकावी लागते, आणि ती शिकविणारी आई त्यांच्यापाशीं नव्हती. माणूस ती शिकवूं शकत नाहीं. माणसाचें कातडें पातळ, आणि त्याची भाषा बछड्याला परकी. ब्लेकली गुरगुरून, मान वळवून, वेळीं पंजानें दाबून ती शिकवी. नर असूनही आईच्या कामाचा जो भाग दुधावांचून करतां येतो, तो सारा त्यानें केला.

कुत्र्यालाच हें कां साधावें? याचें एक कारण त्याच्या पूर्वजांत आहे. लांडग्यांच्या कळपांत पिलें साधारणतः एकाच जोडप्याचीं असतात, परंतु त्यांना वाढविण्याचें काम सारा कळप करतो. आदल्या वर्षींचीं थोरलीं भावंडें शिकारीहून परत येऊन पिलांपुढें अन्न ओकतात, त्यांची राखण करतात. दुसऱ्याच्या पिलाचें संगोपन हा त्या कुळाचा जुना आचार आहे. शिवाय कुत्र्याच्या मादीला गर्भ न राहतांही माजानंतर सुमारें दोन महिन्यांनीं कधीं कधीं खोटी गर्भधारणा होते; स्तन भरतात, क्वचित् दूधही येतें, आणि ती एखादी चिंधी वा खेळणें पिलासारखें जपूं लागते. अशा वेळीं दुसऱ्या प्राण्याचें पिलूं जवळ आलें, तर तें स्वीकारलें जाण्याचा संभव वाढतो. दुसरें कारण कुत्र्याच्या बालपणांत आहे. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतच्या काळांत ज्यांचा सहवास घडेल, त्यांना तो आयुष्यभर आपले समजतो.

हें दुसरें कारण धनगरांना शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधींपासून ठाऊक आहे. पावसाळा सरल्यावर देशावरून घाट उतरून कोंकणांत येणाऱ्या मेंढवाड्यांबरोबर कुत्रीं असतात. कुत्र्याचें पिलूं कोंकरांबरोबर वाढलें, कीं तीं कोंकरें त्याचीं भावंडें ठरतात. मोठेपणीं लांडगा वा बिबट्या आला तर तो त्यांच्यासाठीं अंगावर घेतो. गोठ्यांतलें शहाणपणही असेंच जुनें आहे. म्हशीचें रेडकूं मेलें तर ती पान्हा चोरते. मग मेलेल्या रेडकाच्या कातड्यांत पेंढा भरून तें तिच्यापुढें ठेवितात. ती तें हुंगते, चाटते आणि पान्हवते. माणसानें या युक्तीचा उपयोग बहुधा आपल्या दुधासाठीं केला. मेंढपाळांनीं मात्र ती पोरक्या कोंकरासाठींही वापरली. मेलेल्या कोंकराचें कातडें पोरक्या कोंकराच्या पाठीवर पांघरलें, कीं मेंढी त्याला आपलें समजून पाजते.

रानांतही परक्या मांडीचा हा आधार दिसतो. सह्याद्रीच्या झाडीतलीं काळ्या तोंडाचीं वानरें आपलें नवजात पिलूं जन्मानंतर थोड्याच अवधींत टोळींतल्या दुसऱ्या माद्यांच्या हातीं देतात. तें एकीच्या कुशींतून दुसरीच्या कुशींत जातें, आणि आईला तेवढाच खाण्यापिण्याला अवसर मिळतो. अनेक वर्षें टोळ्यांचें निरीक्षण करणाऱ्या अभ्यासकांनीं याची तपशीलवार नोंद केली आहे.

महाराष्ट्रांत पोरक्या वन्यप्राण्यांचा प्रश्न ज्या एका प्रसंगानें सर्वांपुढें आला, तोही बिलगण्याचाच आहे. भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें १९७३ च्या डिसेंबरांत लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्या आरंभींच्या दिवसांत डॉ. प्रकाश आमटे यांना शिकारीहून परतणारे माडिया लोक दिसले. मारलेलीं माकडें काठीला बांधलेलीं होतीं, आणि मेलेल्या मादीच्या छातीला तिचें जिवंत पिलूं बिलगून दूध ओढूं पाहत होतें. आमटे यांनीं तें पिलूं मागून घेतलें. माडिया लोक पोटासाठीं शिकार करीत, हौसेसाठीं नव्हे. त्यांना दोष देऊन भागणारें नव्हतें. म्हणून पिलें मारूं नयेत, जिवंत आणून द्यावींत, आणि त्यांच्या मोबदल्यांत धान्य व कपडे न्यावे, असा समजूतदारपणाचा व्यवहार ठरला. त्यांतून बिबटे, अस्वलें, हरणें आणि इतर कितीतरी जीवांचें अनाथालय उभें राहिलें.

इतकें ऐकून कोणाही सहृदय माणसाच्या मनांत येईल, कीं रानांत सांपडलेलें पिलूं घरीं आणावें आणि दारांतल्या कुत्रीच्या कुशींत ठेवावें. येथेंच सावध होणें जरूर आहे; कारण वात्सल्याच्या नांवाखालीं होणारें नुकसान पुष्कळदां भरून येत नाहीं.

पहिली गोष्ट, सांपडलेलें पिलूं पोरकें असतेंच असें नाहीं. सशाची मादी आपलीं पिलें गवतांत एकटीं सोडून जाते आणि पाजण्यापुरती येते. भेंकराचें पाडसही असेंच निपचित पडून असतें. आईचा वास शिकारी जनावराला लागूं नये, म्हणून ती दूर चरत असते. वाटसरूला तें टाकलेलें वाटतें, तो तें उचलतो, आणि जें पोरकें नव्हतें त्याला पोरकें करतो. जुन्नरकडे उंसाच्या तोडणींत बिबट्याचे बछडे सांपडतात. त्यांना उचलून पिंजऱ्यांत नेण्याऐवजीं त्याच फडाजवळ सुरक्षित ठेवावें, माणसांनीं दूर व्हावें आणि रात्रीं मादी येऊन त्यांना तोंडांत धरून घेऊन जाईल याची वाट पाहावी, ही पद्धत वनखात्याचे लोक व माणिकडोह येथील बिबट्या निवारा केंद्राचे कार्यकर्ते अनेक वर्षें अवलंबीत आले आहेत. तिच्यामुळें पुष्कळ बछडे आपल्या आईकडे परत गेले. खरी आई जिवंत असतां दुसरी शोधूं नये, हा यांतला पहिला धडा.

दुसरी गोष्ट दुधाची. कुत्रीच्या दुधांत गाईच्या दुधाच्या सुमारें दुप्पट स्निग्धांश व प्रथिनें असतात आणि साखर कमी असते. कोल्ह्याच्या पिलाला तें मानवेल. हरिणाच्या पाडसाला मानवेलच असें नाहीं. कोणत्या पिलाला कोणतें दूध, किती वेळां व किती कोमट, हें जाणकार पशुवैद्यच सांगूं शकतो. घरांतलें म्हशीचें दूध वाटींत घालून पाजलेलीं किती पिलें हगवणीनें गेलीं, याची गणती कोणी ठेविलेली नाहीं.

तिसरी गोष्ट रोगाची, आणि ती सर्वांत गंभीर. २०१८ च्या सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत गुजराथेंतील गीरच्या अरण्यांत वीसाहून अधिक सिंह मरण पावले. त्यांच्यापैकीं कांहींच्या शरीरांत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचे विषाणु आढळले. लस न टोंचलेला कुत्रा असा रोग वा पिसाळण्याचा रोग रानापर्यंत नेऊं शकतो, आणि रानांतलें पिलूं तो घरांत आणूं शकतें. ब्लेकली ज्या पिलांजवळ जाई, तीं पशुवैद्यांच्या देखरेखीखालीं असत. दारांतल्या कुत्रीच्या बाबतींत ही खबरदारी कोण घेणार? शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें रानांतला प्राणी घरांत ठेवणें हा गुन्हा आहे. वाटेंत खरोखरच पोरकें पिलूं आढळलें, म्हणजे मेलेली आई डोळ्यांपुढें असली, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें, आणि कोणी येईपर्यंत पिलाला उबेंत, काळोखांत व शांततेंत ठेवावें. तोंडांत कांहीं घालूं नये. मुंबई-गोवा महामार्ग महाडवरून जातो, आणि रात्रीं वाहनाखालीं सांपडणाऱ्या प्राण्यांत पिलांच्या आयाही असतात. तेव्हां हा उपदेश केवळ दूरच्या अरण्यासाठीं नाहीं.

हें सारें ध्यानांत घेतल्यावर जास्मिनच्या कथेंतून घ्यावयाचें काय राहतें? तिच्या कथेचा आरंभ पाडसापासून झालेला नाहीं. तो खोपटाचें दार उघडण्यापासून झाला आहे. कोणीतरी तिला टाकलें, आणि कोणीतरी तिला पुन्हां उभें करण्यासाठीं कांहीं आठवडे खर्ची घातले. पुढचीं पन्नास पिलें त्या कांहीं आठवड्यांचें फळ होतीं.

अशा टाकलेल्या कुत्र्यांचा प्रश्न आपल्या प्रांताला नवा नाहीं. १८३२ सालीं मुंबईंत भटक्या कुत्र्यांना मारण्याचा सरकारी हुकूम सुटला. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजानें त्याविरुद्ध उठाव केला, बाजार बंद पडला आणि दंगा झाला. त्या प्रकरणानंतर दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, सर जमशेटजी जिजीभाई, शेठ अमीचंद शहा आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. त्या पांजरपोळांत आरंभीं भटक्या कुत्र्यांना आसरा द्यावयाचा होता, हें आज फारच थोड्यांना ठाऊक असतें; गाईगुरें पुढें आलीं. शहराच्या रागांतून आणि दयेंतून जन्मलेली ही संस्था मुंबईंत उभी राहिली.

पुढें प्रश्न वाढला, त्यालाही माणसाचा हातभार आहे. गुरांना टोंचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळें गिधाडें मेलीं. २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली, तोंवर बहुतेक गिधाडें नाहींशीं झालीं होतीं. मेलेलीं ढोरें खाण्यास गिधाडें उरलीं नाहींत, तें अन्न कुत्र्यांना मिळूं लागलें आणि त्यांची संख्या वाढली, असें अभ्यासकांचें अनुमान आहे. महाडच्याच सीस्केप या संस्थेनें रायगड जिल्ह्यांत उरल्यासुरल्या गिधाडांच्या घरट्यांची राखण करण्याचें काम हातीं घेतलें, त्याचा संबंध असा दारांतल्या कुत्र्यापर्यंत येऊन पोंचतो.

भटक्या कुत्र्याविषयीं दोन टोंकांचीं मतें ऐकूं येतात. एक म्हणतें, तो उपद्रव आहे. दुसरें म्हणतें, तो मुका देव आहे. ज्या घरांत कुत्रा चावून मूल दगावलें, त्या घराला दुसरें मत सांगतां येणार नाहीं. आणि ज्यानें जास्मिनची हकीकत वाचली, त्याला पहिलें मत पुरें पटणार नाहीं. दोघांनाही मान्य व्हावें असें काम मात्र आहे: कुत्र्यांची वाढ शस्त्रक्रियेनें आटोक्यांत ठेवावी, त्यांना लस टोंचावी, आणि घरीं कुत्रा आणावयाचाच असेल तर विकत घेण्यापूर्वीं पांजरपोळांत वा आसऱ्यांत जाऊन पाहावें. तेथें दबून बसलेल्या प्राण्याच्या अंगीं काय दडलें आहे, हें पहिल्या दिवशीं कळत नाहीं. ननीटनच्या पोलिसांनीं दार उघडलें तेव्हां त्यांनाही कळलें नव्हतें.

नाते गांवावरून पुढें जाणारी वाट गडापर्यंत पोंचते, आणि तेथें आईची व कुत्र्याची खूण वेगवेगळ्या जागीं उभी आहे. हिरकणी आपल्या लेंकरासाठीं कडा उतरली. तिचें मोठेपण त्यानें कमी होत नाहीं. परंतु जिचें कोणीच नव्हतें, अशा एका कुत्रीनें ज्यांचें कोणीच नव्हतें अशा पन्नास जीवांना जवळ घेतलें, हेंही त्याच वाटेवर आठवावयास हरकत नाहीं. जास्मिन आतां हयात नाहीं. तिच्यापाशीं वाढलेल्या पिलांना आपण कोणाच्या कुशींत निजलों, हें कळण्याचें साधन नव्हतें. त्यांना ऊब मिळाली, तीं जगलीं, आणि मोठीं झालीं.